टॉम फिनी पालेर्मोला गेला नाही

१९५२ च्या मे महिन्यात इंग्लंडचा फुटबॉल संघ इटलीत होता. १८ तारखेला फ्लॉरेन्समध्ये इटलीशी १-१ अशी बरोबरी झाली. त्याच दौऱ्यात सिसिलीतल्या पालेर्मो क्लबचा अध्यक्ष, प्रिन्स रायमोंदो लान्झा दी त्राबिया, इंग्लंडच्या एका विंगरला (बगलेवरून चढाई करणाऱ्या खेळाडूला) भेटला आणि आपल्या क्लबकडून खेळायला ये म्हणाला. सहीचे दहा हजार पौंड. महिन्याला १३० पौंड पगार, वर जिंकल्याबद्दल १०० पौंडांपर्यंत बक्षीस. राहायला समुद्राकाठी बंगला, दाराशी मोटार, बायकामुलांच्या प्रवासाचा खर्च. त्याला सोडण्याबद्दल त्याच्या क्लबला ३०,००० पौंड वेगळे.

विंगर होता टॉम फिनी. वय तीस. त्याची इंग्लंडमधली कमाई आठवड्याला १४ पौंड, आणि त्याहून जास्त पगार कुठलाच इंग्लिश क्लब कुठल्याच खेळाडूला देऊ शकत नव्हता, कारण तसा नियमच होता. नुसत्या सहीचे दहा हजार म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा पगार एकरकमी.

फिनी घरी परतला आणि प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबच्या अध्यक्षांपुढे त्याने विषय काढला. उत्तर थोडक्यात मिळालं. खेळायचं तर प्रेस्टनकडून खेळ, नाहीतर कुणाकडूनच खेळू नकोस. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा फिनी डीपडेल मैदानावर प्रेस्टनच्या पांढऱ्या जर्सीत उतरला, आणि मैदानाबाहेर आपला प्लंबिंगचा धंदा सांभाळू लागला.

इंग्लिश फुटबॉलवर थोडंफार वाचलेल्या माणसाला ही गोष्ट माहीत असते. ती जवळपास नेहमी निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आजच्या खेळाडूंना पैसा दिसतो, तेव्हाच्यांना जर्सी दिसायची, वगैरे. फिनी मला फार प्रिय आहे, त्याच्याबद्दल जे मिळेल ते मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, आणि म्हणूनच या सांगण्याने मी अस्वस्थ होतो. ज्याला दार उघडून बाहेर पडायची मुभाच नव्हती, त्याला घरात थांबल्याबद्दल हार घालायचे, हे मला पटत नाही. फिनीच्या मोठेपणाची जागा दुसरीकडे आहे असं मला वाटतं, आणि ती दाखवायची तर आधी ते दार कसं बंद होतं हे सांगायला हवं.

इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकापासून खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. करार साधारण वर्षाचा. वर्ष संपलं की क्लबने ठरवायचं, याला ठेवायचं की विकायचं. ठेवायचं ठरवलं आणि खेळाडूला ते नको असलं, तरी त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. करार संपलेला, तरी माणूस अडकलेला. त्यात १९०१ पासून पगाराला कमाल मर्यादा. सुरुवातीला आठवड्याला चार पौंड. ती सरकत सरकत १९५१ मध्ये १४ वर आली, १९५८ मध्ये २० वर. डीपडेलला तीस-पस्तीस हजार माणसं दारावर पैसे मोजून आत येत. त्यातली किती केवळ फिनीसाठी येत, हे कुणाला मोजता आलं नसतं, पण तो जखमी असला की गर्दी कमी होते हे सगळ्यांना माहीत होतं. त्या गर्दीचा पैसा त्याच्यापर्यंत पोचायची वाट नियमानेच बुजवलेली होती.

तिथून पळून गेलेल्यांचं काय होतं, तेही फिनीने पाहिलेलं होतं. १९५० मध्ये स्टोकचा नील फ्रँकलिन, इंग्लंडचा त्या काळचा सर्वोत्तम सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, कोलंबियात बोगोटाला गेला. कोलंबियाची लीग तेव्हा जागतिक संघटनेच्या बाहेर होती, म्हणून तिथे इंग्लिश क्लबची परवानगी लागत नव्हती. काही आठवड्यांत तो परत आला. त्याच्यावर बंदी घातली गेली, आणि बंदी संपल्यावरही इंग्लंडची जर्सी त्याला पुन्हा मिळाली नाही. फ्रँकलिन आणि फिनी कितीतरी सामने एकत्र खेळले होते. दोन वर्षांनी पालेर्मोचा प्रस्ताव समोर आला तेव्हा फिनीच्या मनात मित्राचं हे उदाहरण नसेलच, असं मला वाटत नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती संघांची नावं नाहीत. माणूस कुठल्या गल्लीत वाढला हे त्यातून कळतं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. मी शाळेत असताना आमच्या भागातला एक विंगर दुसऱ्या तालमीकडून खेळायला गेला. तिथे त्याला नोकरी लागायची शक्यता होती, घरी म्हातारी आई होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. पेठेत मात्र एकच शब्द ऐकू यायचा, ‘फुटला’. पहिल्यांदा तो आमच्याविरुद्ध उतरला तेव्हा स्टँडमधून जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बोलणाऱ्यांत त्याच्यासोबत लहानपणी गोट्या खेळलेली माणसं होती. त्याने त्या दिवशी उजवीकडून गोलासमोर दोन अप्रतिम क्रॉस टाकले. पुढे फिनीबद्दल ‘शेवटपर्यंत एकाच क्लबचा’ असं कौतुक वाचताना मला तो विंगर आठवायचा. थांबणाऱ्याच्या कौतुकातच जाणाऱ्याची शिवी दडलेली असते, आणि दोघांच्या हातात प्रत्यक्ष काय होतं हे विचारायला कुणी थांबत नाही.

असो. प्रेस्टनला जाऊ.

लँकशायरमधलं हे रिबल नदीकाठचं सूतगिरण्यांचं गाव. १८८८-८९ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली त्या पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही सामना न हरता ती जिंकली, त्याच वर्षी एफए कप ही बाद फेरीची स्पर्धाही घेतली. त्या संघाला ‘अजिंक्य’ म्हणत. गावाचं सोनं सुरुवातीलाच मिळालं आणि नंतरच्या पिढ्या त्या आठवणीवर वाढल्या. ५ एप्रिल १९२२ ला फिनी जन्मला तो डीपडेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चार वर्षांचा असताना आई गेली. वडील आल्फ कारकून. त्यांच्या पगारात घरभर मुलं. टॉम अंगाने इतका किरकोळ की मोठ्या पोरांत खेळताना दिसायचाही नाही. त्यात मानेतल्या गाठीचं दुखणं, त्यासाठी बरीच वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या. त्याचा देव होता अ‍ॅलेक्स जेम्स, प्रेस्टनचा बुटका, ढगळ चड्डीतला इनसाइड-फॉरवर्ड, म्हणजे मधला आघाडीपटू, जो १९२९ मध्ये आर्सेनलला गेला. बुटका माणूस मोठ्या माणसांना कसा फसवतो ते पोराने मैदानाच्या कठड्याला लटकून पाहिलं.

पंधराव्या वर्षी प्रेस्टनने त्याला मैदानाची कामं करत खेळ शिकणाऱ्या पोरांत घ्यायची तयारी दाखवली. आठवड्याला अडीच पौंड. कुठल्याही पोराने उडी मारली असती. आल्फ म्हणाले, आधी प्लंबिंगची उमेदवारी पुरी कर, हातात कसब असू दे, मग फुटबॉल. टॉमने ऐकलं. दिवसा पाइप आणि नळ, संध्याकाळी हौशी खेळाडू म्हणून सराव. आयुष्यभर त्याला चिकटलेलं ‘प्रेस्टनचा प्लंबर’ हे नाव इथून आलं. पत्रकारांनी ते कौतुकाने दिलं, पण त्यामागे एका बापाची साधी भीती होती: एका टॅकलमध्ये पाय मोडला तर हा पोरगा खाणार काय?

आल्फचा निर्णय किती दूरदर्शी होता ते पुढे दिसलं. पण त्याआधी युद्ध आलं. जानेवारी १९४० मध्ये फिनी व्यावसायिक झाला तेव्हा लीग बंद पडलेली होती. मे १९४१ मध्ये वेम्बलीवर युद्धकालीन कपची अंतिम लढत, प्रेस्टन विरुद्ध आर्सेनल. लंडनवर बॉम्ब पडत असताना साठ हजार माणसं जमली. फिनी एकोणीस वर्षांचा, समोर एडी हॅपगुड, इंग्लंडचा अनेक वर्षं कर्णधार राहिलेला डावा फुलबॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. सामना १-१ सुटला. ब्लॅकबर्नला झालेली फेरलढत प्रेस्टनने २-१ ने जिंकली. युद्धकाळातलं पदक म्हणून हे अधिकृत यादीत धरत नाहीत. फिनीच्या कारकिर्दीत वरच्या पायरीचं दुसरं पदक शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

१९४२ मध्ये तो चिलखती दलात भरती झाला. इजिप्त, मग इटली. नाइन्थ लान्सर्समध्ये रणगाड्याचा चालक. एप्रिल १९४५ मध्ये आर्जेन्टा गॅपच्या लढाईत तो होता. विंगरची वीस ते चोवीस ही वर्षं सगळ्यात मोलाची, कारण तेव्हा पायात वेग असतो आणि पडलं तरी उठून धावता येतं. फिनीची ती वर्षं वाळूत आणि पो नदीच्या चिखलात गेली. लीगमधला पहिला सामना त्याला मिळाला ३१ ऑगस्ट १९४६ ला, लीड्सविरुद्ध, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्यात त्याने गोल केला. पुढच्या अठ्ठावीस दिवसांत तो इंग्लंडकडून बेलफास्टला उतरला आणि तिथेही गोल केला. चार वर्षं साठवून ठेवलेलं सगळं एका महिन्यात बाहेर आलं.

त्याचा खेळ आता पाहायचा म्हणजे जुन्या न्यूजरीलचे तुकडे. कॅमेरा उंचावर, चित्र करडं, चेंडू कधी दिसतो कधी नाही. तरी काही तुकडे मी इतक्यांदा पाहिलेत की डोळे मिटले तरी दिसतात. फिनी जन्मजात डावखुरा. उजवा पाय त्याने टेनिसचा चेंडू भिंतीवर मारून मारून तयार केला होता. प्रेस्टनकडून तो बहुतेक उजव्या बगलेवर खेळे. म्हणजे समोरच्या डाव्या फुलबॅकला दोन्हीकडून भीती. हा रेषेकडून बाहेर जाईल की डाव्या पायावर घेऊन आत वळेल, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही. त्या काळातले फुलबॅक विंगरला रेषेकडे ढकलायला शिकलेले असत. बाहेर गेला तर क्रॉसच मारेल, तो सेंटर-हाफ बघून घेईल, असा हिशोब. फिनीपुढे तो हिशोब चालत नसे. आज डावखुरा विंगर उजवीकडे खेळवणं ही जगभरची रीत झाली आहे. फिनीने हे केलं तेव्हा त्याला नावही नव्हतं.

तो फुलबॅकपाशी येताना वेग कमी करतो. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. चेंडू पायापासून वीतभर लांब, खांदा किंचित खाली, आणि समोरचा माणूस आपोआप थांबतो. दोघं क्षणभर उभे राहतात. मग फिनी निघतो, आणि फुलबॅक अजून थांबलेलाच असतो. यात दिखाऊपणा काहीच नाही. त्याला चेंडू गोलापर्यंत न्यायचाय आणि हा माणूस वाटेत आहे, एवढंच. बिल शँकली प्रेस्टनमध्ये मधल्या फळीत उजवा हाफ म्हणून त्याच्या पाठीमागे खेळले, पुढे लिव्हरपूलचे थोर मॅनेजर झाले. ते म्हणायचे की अंगात ओव्हरकोट घातला तरी फिनी कुठल्याही काळात कुठल्याही संघात खेळला असता. शँकलींनी आयुष्यात पाहिलेल्या खेळाडूंची यादी आठवली की या वाक्याचं वजन कळतं.

त्या काळात इंग्लंडभर एक वाद होता: मॅथ्यूज की फिनी? स्टॅन्ली मॅथ्यूज सात वर्षांनी मोठा, उजव्या बगलेचा जादूगार, १९५६ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पहिला ‘बॅलन डी’ऑर’ मिळालेला. दोघांची जागा एकच. मे १९४७ मध्ये लिस्बनला पोर्तुगालविरुद्ध निवड समितीने तोड काढली: मॅथ्यूज उजवीकडे, फिनी डावीकडे. इंग्लंड १०-० ने जिंकला. लॉटन आणि मॉर्टेन्सनचे चार-चार, दोन्ही विंगरचा एकेक. पुढच्या मे महिन्यात तूरिनला, इटलीच्या घरी, ४-०; त्यात फिनीचे दोन. तरी वाद मिटला नाही, आणि मिटू नये असंच मला वाटतं. माझं मत मात्र ठाम आहे. मॅथ्यूज एक गोष्ट जगात सगळ्यात चांगली करायचा. फिनीला सगळं यायचं. इंग्लंडकडून ७६ सामने: ४० उजवीकडे, ३३ डावीकडे, ३ मध्यभागी. गोल ३०, तेव्हाचा विक्रम. मॅथ्यूजचे ५४ सामन्यांत ११. विंगरचं काम गोल करणं नाही, करवणं, हे मान्य करूनही हा फरक नजरेआड करता येत नाही.

आणखी एक फरक होता. मॅथ्यूजला क्लब बदलता आला. १९४७ मध्ये स्टोकने त्याला ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकलं, आणि ब्लॅकपूल तेव्हा भक्कम संघ होता. प्रेस्टनपासून ब्लॅकपूल फार तर सत्तावीस किलोमीटर. फिनी इकडे आणि मॅथ्यूज तिकडे, एकाच किनाऱ्यालगत. पण फिनीभोवतीचा संघ कधी बरा, कधी सुमार. १९४९ मध्ये प्रेस्टन दुसऱ्या श्रेणीत घसरलं, १९५१ मध्ये ती जिंकून वर आलं. स्टँडमध्ये एक विनोद फिरायचा, ‘प्लंबर आणि त्याचे दहा गळके नळ’. बाकीच्या दहांवर तो अन्यायच होता. त्यांत टॉमी डॉकर्टीसारखे चांगले खेळाडू होते. फिनीला तो विनोद आवडत नसणार, अशी माझी खात्री आहे.

मे १९५३ चे दोन दिवस मला नेहमी शेजारी-शेजारी दिसतात. पालेर्मोच्या नकाराला जेमतेम वर्ष झालेलं. प्रेस्टन लीगच्या शिखराच्या अगदी जवळ. २५ एप्रिलला त्यांनी डीपडेलवर आर्सेनललाच २-० ने हरवलं. २९ एप्रिलला डर्बीविरुद्ध फिनीच्या पेनल्टीवर १-० ने जिंकून आपले ४२ सामने संपवले. ५४ गुण. आता आर्सेनलचा एकच सामना उरलेला, १ मेच्या शुक्रवारी संध्याकाळी, बर्नलीशी. दुसऱ्या दिवशी कप फायनल असल्याने तो आदल्या दिवशी ठेवला होता. आर्सेनल ३-२ ने जिंकलं. त्यांचेही ५४. तेव्हा बरोबरी झाली की केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. आर्सेनल ९७ भागिले ६४, म्हणजे १.५१६. प्रेस्टन ८५ भागिले ६०, म्हणजे १.४१७. मी हा भागाकार कागदावर करून पाहिला आहे. प्रेस्टनला सबंध हंगामात आणखी सहा गोल मिळाले असते तर पुरलं असतं. नाहीतर त्या शुक्रवारी बर्नलीचा एक.

आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी २ मेला, वेम्बलीवर ब्लॅकपूल बोल्टनविरुद्ध १-३ ने मागे पडलं आणि अडतीस वर्षांच्या मॅथ्यूजने शेवटच्या वीस मिनिटांत बोल्टनची डावी बाजू फाडून सामना ४-३ वर आणला. गोलांची हॅट्ट्रिक मॉर्टेन्सनची, पण इतिहासात तो सामना ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणूनच राहिला. सबंध इंग्लंड आनंदाने रडलं. तोही आनंद खरा होता. मॅथ्यूज दोन फायनल हरलेला होता आणि त्याला ते पदक मिळायलाच हवं होतं. पण प्रेस्टनमधल्या एका घरात तो शनिवार कसा गेला असेल?

पुढच्या वर्षी प्रेस्टनच फायनलला पोचलं, वेस्ट ब्रॉमविरुद्ध. गेल्या वर्षी मॅथ्यूज, यंदा फिनी, असं वर्तमानपत्रांनी आठवडाभर लिहिलं. फिनी कर्णधार. वेस्ट ब्रॉमचा डावा फुलबॅक आणि कर्णधार लेन मिलार्ड त्याच्या सावलीसारखा राहिला. प्रेस्टन २-१ ने पुढे होतं, मग पेनल्टीवर बरोबरी, आणि शेवटच्या काही मिनिटांत फ्रँक ग्रिफिनचा गोल. ३-२. फिनी त्या दिवशी चांगला खेळला नाही, आणि त्याने ते कधी लपवलं नाही. त्याच हंगामात पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरवलं. १९५७ मध्ये पुन्हा. तो मान दोनदा मिळालेला तो पहिलाच.

प्रेस्टनला डीपडेलच्या बाहेर त्याचा पुतळा आहे, कारंज्यात. ऑगस्ट १९५६ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्धच्या सामन्यात तळं साचलेल्या मैदानावर तो घसरत पाणी उडवत चेंडूमागे गेला, त्या छायाचित्रावरून २००४ मध्ये घडवलेला. छायाचित्र सुंदर आहे, त्या वर्षीचा क्रीडा-छायाचित्राचा पुरस्कारही त्याला मिळाला. तरी मला ते पाहताना आधी चेंडू दिसतो. चामड्याचा, वादीने बांधलेला, पाणी पिऊन जड झालेला. असला चेंडू डोक्याने मारायचा, घोट्यापर्यंत येणाऱ्या जाड बुटांनी वळवायचा, आणि फुलबॅकने पाठीमागून दिलेली लाथ पंचाने बघून न बघितल्यासारखी करायची. फिनी सतत जखमी असायचा. उलट लाथ मात्र त्याने कधी मारली नाही. सबंध कारकिर्दीत पंचाने त्याचं नाव एकदाही वहीत लिहिलं नाही.

इथे मी ज्या जागेबद्दल सुरुवातीला बोललो तिथे येतो. थांबणं त्याच्या हातात नव्हतं. कसं थांबायचं, हे होतं. बंद दाराआड माणूस कडवट होऊ शकतो. अर्ध्या मनाने खेळू शकतो, मालकाचा सूड सहकाऱ्यांवर उगवू शकतो, आणि त्याला कुणी दोष देऊ नये. पालेर्मो नाकारलं गेलं त्यानंतरच्या आठ हंगामांत फिनीने प्रेस्टनला दोनदा लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणि एकदा वेम्बलीवर नेलं. पाय मंदावू लागले तेव्हा तो मध्यभागी सेंटर-फॉरवर्ड म्हणून खेळू लागला. १९५७-५८ मध्ये, छत्तिसाव्या वर्षाकडे जाताना, त्याने लीगमध्ये २६ गोल केले आणि प्रेस्टनचे शंभर झाले. त्या उन्हाळ्यात स्वीडनच्या वर्ल्ड कपमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध, गोलात लेव्ह याशिन असताना, सामना संपत आला असता त्याने पेनल्टीवर २-२ केली. त्याच सामन्यात तो इतका जखमी झाला की पुढचे सामने बाहेर बसून पाहिले. हा माणूस ज्यांच्यासाठी खेळला ते क्लबचे संचालक नव्हते. पावसात उभे राहणारे गिरणीकामगार होते, ज्यांच्या घरातले नळ त्याने बसवले होते, ज्यांच्या गल्लीत तो राहत होता. त्यांच्याशी असलेलं नातं कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते त्याचं स्वतःचं होतं. व्यवस्थेने त्याच्यावर जे लादलं त्याचं श्रेय व्यवस्थेला मिळता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

३० एप्रिल १९६० ला तो डीपडेलवर शेवटचा सामना खेळला, ल्यूटनविरुद्ध. लीगमध्ये ४३३ सामने, १८७ गोल, सगळे प्रेस्टनसाठी. पुढच्याच वर्षी प्रेस्टन वरच्या श्रेणीतून खाली गेलं आणि तिथून आजवर परत वर आलेलं नाही. आणि फिनी निवृत्त होऊन नऊ महिने होत नाहीत तोच, जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंनी संपाची धमकी दिल्यावर पगाराची कमाल मर्यादा रद्द झाली. फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. हेन्स आणि फिनी इंग्लंडकडून एकत्र खेळले होते. फिनीचा सगळ्यात मोठा पगार २० पौंड होता.

आल्फ फिनींनी पोराच्या हातात दिलेलं कसब आता घर चालवत होतं. प्लंबिंगचा धंदा वाढला. फिनी मॅजिस्ट्रेट झाला, आरोग्य प्राधिकरणाचा अध्यक्ष झाला, क्लबचाही अध्यक्ष झाला. १९९८ मध्ये सर. पत्नी एल्सीला अल्झायमर झाला तेव्हा त्याने तिची सेवा स्वतःच्या हातांनी केली. ती २००४ मध्ये गेली. १४ फेब्रुवारी २०१४ ला, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन, तो गेला. डीपडेलसमोरच्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे, आणि एका स्टँडमधल्या खुर्च्यांच्या रंगांतून त्याचा चेहरा उमटवलेला आहे.

एक सामना सांगायचा राहिला. जुलै १९६३ मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी जॉर्ज ईस्टहॅम विरुद्ध न्यूकॅसल या खटल्यात निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूला अडकवून ठेवणारी क्लबची पद्धत म्हणजे माणसाच्या पोटापाण्याच्या हक्कावर गैरवाजवी बंधन आहे. फिनीला ज्या दाराने अडवलं होतं त्याला पहिली फट पडली. त्याच सप्टेंबरात बेलफास्टच्या डिस्टिलरी या छोट्या क्लबची गाठ युरोपियन कपमध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाशी पडली. १९६१ आणि १९६२ मध्ये हा कप जिंकलेलं, युसेबियोचं बेनफिका. डिस्टिलरीच्या मॅनेजरने एक्केचाळीस वर्षांच्या, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या टॉम फिनीला एका सामन्यासाठी बोलावलं. मॅनेजरचं नाव होतं जॉर्ज ईस्टहॅम, खटला जिंकलेल्या जॉर्जचे वडील.

फिनी गेला. २५ सप्टेंबर १९६३, विंडसर पार्क. सामना ३-३ सुटला. लिस्बनच्या परतीच्या सामन्याला तो नव्हता. तिथे बेनफिका ५-० ने जिंकलं.